कार्ड एरर

सिंदेवाहीच्या बाजारात, मोटारपंपाच्या दुकानामागं
माझा कॅमेरा पुन्हा म्हणाला : कार्ड एरर.
पंधरा वर्षांत त्याला एवढंच नीट बोलता येतं.

कार्ड काढलं. बाजूचं बारीक कुलूप वर सरकवलं,
खाली सरकवलं.
पोरीच्या खोडरबरानं सोनेरी दात घासले.
फुंकलं नाही. थुंकी उडते, गंज धरतो,
हे नवरगावच्या दिनकर निकुरेनं शिकवलं
माझी दोन कार्डं मेल्यावर.

नवं बत्तीस जीबीचं घालून पाहिलं,
म्हातारा ओळखच देईना.
दोन जीबीपलीकडचं जग त्याला ठाऊक नाही,
आणि दोन जीबी आता ब्रह्मपुरीतही मिळत नाही.

स्टुलावरून तुळशीराम गहाणे विचारतो,
"निघतीन का जी? मांडवातले तरी?"
फॉर्मॅट करू का, म्हणते मशीन.
"मंग करा ना."
त्याला कसं सांगू.

रात्री कॉम्प्युटरवर कार्ड उपसायला लावलं,
बांधीतलं पाणी उपसावं तसं.
लाइट दोनदा गेली.

पहाटे निघालं ते असं :
नवरदेव कपाळापर्यंत, खाली नुसता राखाडी पट्टा.
वरातीचे सत्तावीस, सगळे कोरे.
आणि एक, चार वर्षांपूर्वीच्या तारखेचा.
माझी बायको, मोहाची फुलं वाळत घालताना,
डोळे मिटलेले.
बिघडला म्हणून मीच पुसला होता.
अख्खा आहे. एक ठिपका गेला नाही.

ती आत भांडी घासते आहे.
अजून दाखवला नाही तिला.

तुळशीराम आठला येतो म्हणाला.