चटणीच्या डब्यातला व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह मिळाला साखर पेठेत, कामूर्ती रेडिओवाल्याकडे.
कुठल्याशा मंडळाच्या जुन्या भोंग्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून उपटलेला.
"पन्नास आत्ता. चालला तर अजून पन्नास,"
म्हणाला, आणि पायांवर फुंकर मारून
कागदात गुंडाळून दिला,
अंडं देतात तसा.

डबा घरचाच, स्टीलचा, शेंगाचटणीचा.
तीनदा घासला, तरी ड्रिल तापलं
तशी खोलीभर लसूण सुटली.

कामूर्तीनं नियम एकच सांगितलेला:
आत अडीचशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही थोडा वेळ असतात,
एक हात खिशात ठेवायचा.
माझ्या ड्रेसला खिसा नाही.
मग डावा हात पाठीमागे,
शाळेत छडी खाताना
दुसरा हात लपवायचे तसा.

एप्रिल. पत्र्याखाली बेचाळीस.
पंखा लावला तर स्पीकर गुरगुरतो, म्हणून पंखा बंद.
सोल्डरच्या थेंबाशेजारी घामाचा थेंब.
बटण दाबलं,
काचेत मुंगीएवढा निखारा धरला,
गिटार छेडली,
आवाज बाजार उठतानाच्या भाजीवाल्यासारखा, घसा बसलेला.

दोन रात्री शोधलं.
तपकिरी, काळा, पिवळा हवा होता.
मी पिवळ्याच्या जागी हिरवा लावून बसले होते.
आणि घर कसलं,
तर चादरीच्या काठातला एक धागा चुकला
तरी जेवता जेवता ओळखणाऱ्यांचं.

बदलला. आवाज आला.
त्याच्या पाठोपाठ घुंऽऽ आली.
हीटरच्या दोन तारा एकमेकींत पिळल्या,
आई टॉवेलच्या गोंड्यांना मांडीवर पीळ देते, तशाच.
अर्थिंगच्या सगळ्या वायरी एका स्क्रूवर आणल्या.
घुं गेली.

उरलं
ठक. ठक-ठक.
ठक. ठक-ठक.
तारेला बोटही न लावता.

जॅक बदलला, कपॅसिटर बदलले,
कामूर्तीच्या सात पिढ्या काढल्या.
इरफाननं मांडीवर हात धरला,
"तालात आहे की, राहू दे."
ड्रमवाल्याला काय विचारायचं.

अप्पा रात्रपाळीचा डबा न्यायला आले.
तीस वर्षं जॉबर. कान कारखान्यातच ठेवून आलेत,
त्यांच्याशी आम्ही हातांनी बोलतो.
बिघडलेल्या मागाला ते स्क्रूड्रायव्हर टेकवतात,
मूठ जबड्याला लावतात, डोळे मिटतात.
तसंच केलं माझ्या डब्याला.
मी काही सांगू लागले, तर "आगम्मा."
मग तळवा भिंतीवर ठेवला. पुन्हा डब्यावर.
"तुझं काही चुकलं नाही.
हा बोल्लीचा तीन नंबर आहे. पिकर सैल झालाय त्याचा."

भिंतीपलीकडे बोल्लींचे आठ माग.
मी पेन्सिलीनं काचेवर टिचकी मारली,
स्पीकरमध्ये टण्ण!
म्हणजे व्हॉल्व्ह नुसतं तारेतलं ऐकत नव्हता,
अंगानंही ऐकत होता.
त्याचं आणि अप्पांचं लगेच पटलं, यात नवल नाही.

मागाच्या जुन्या बफरचं रबर
अप्पांनी विळीवर कापलं. चार वॉशर.
सॉकेट त्यावर बसवायचं, मोकळं, गादीवर बसवल्यासारखं.
तीन लावून झाले आणि लाइट गेली.
भिंतीपलीकडचे आठही माग थांबले.
त्या शांततेत अप्पांनीच मान वर केली आधी,
आम्ही नंतर.

सकाळी ते बोल्लींकडे जाऊन सांगून आले, तीन नंबर बघा.
"तुम्हाला कसं कळलं?" बोल्लींनी मोठ्यानं विचारलं म्हणे.
अप्पांना ते ऐकू गेलं नसावं.

आता डबा चालतो. जाड, खरखरीत, थोडा तिखट आवाज.
फार कान दिला तर तळाशी अजून एक ठक आहे.
चौथा वॉशर टेबलावर पडलाय,
इरफान म्हणतो, लावू नको.

कामूर्तीचे पन्नास द्यायचे राहिलेत.