बॉनेटवरची सात अक्षरं

कॉव्हेंट्री, नोव्हेंबर. शटर अर्धं वर.
क्लाइव्ह हॅडनच्या बापाची ट्रायम्फ हेरल्ड,
आणि आम्ही दोघं म्हातारे
तिची नावाची अक्षरं उतरवतोय.

मागून बोट घालून क्लिप दाबायची.
‘हळू, पिन मोडेल.’
मोडलीच.

एम तर कधीचाच गळालेला,
भोकांत बापाने मेण भरलेलं.
एच कललेला : तोही त्याचाच उद्योग,
भोक पाडताना हात चुकला.

अक्षर निघालं की खाली
त्याच्याच आकाराचा निळा,
अडुसष्ट सालचा, उन्हाला कधी न भेटलेला.
क्लाइव्ह त्यावर अंगठा ठेवून उभा.
चहा निवला.

मी इथे आलो तेव्हा फॅक्टरीच्या बिल्ल्यावर
रघुवीरचा रॉजर झाला होता.
तेवीस वर्षं तो खिशावर.
शेवटच्या दिवशी काढला, तर डगल्यावर
तेवढंच कापड गर्द
आणि पिनेची दोन भोकं.
बायकोने रफू करू का विचारलं.
नको म्हटलं; का, ते आजही सांगता येणार नाही.

नवी अक्षरं इतकी लख्ख
की गाडीच ओशाळल्यासारखी दिसते.
शेवटचा एच बसवून क्लाइव्ह विचारतो,
‘सरळ आहे ना?’
मी चार पावलं मागे जातो.
कललाय, जुन्या भोकांनी ओढून घेतलाय त्याला.

‘सरळ आहे,’ म्हणतो मी.