डाग

हिरोसाकीत तोकिझो अजून
मलम स्वतःच कढवतो.
तिळाचं तेल, मेण, चिमूटभर चरबी,
सगळ्यात शेवटी ती वाकडी, काळपट मुळं.
आच चढली की रंग करपतो,
कमी पडली तर तेलात उतरतच नाही.
थर्मामीटर आहे त्याच्याकडे. पण तो नाक लावतो.

शिगेनो मागच्या दाराने येते.
गरम झऱ्याच्या सराईत चादरी धुते, रोज ऐंशी.
कोपरापर्यंत हात सोलवटलेले;
रात्री खाज सुटते तेव्हा
दोन्ही हात ओढणीने बांधून झोपते,
पकडलेल्या चोरासारखी.

"बरं होईल?"
"तसं म्हणत नाही मी. निवेल."
डबी पुढे सरकते.
"कापडाला लागू देऊ नका. जात नाही."

डाग जात नाही, हे
हा मला सांगतोय!

तीन आठवडे झाले.
कातडी खरबरीतच, पण चिरत नाही.
आज सात नंबरच्या खोलीतल्या अभ्र्यावर
उमटला अंगठा :
जांभळा, रेघांसकट.
ब्लीचची बाटली तिने उचलली,
थोडा वेळ धरली,
ठेवली.
अभ्रा उलटा केला. डाग आत.

तोकिझोला यातलं काही सांगायचं नाही.