कान तुटका कप

जालिंदर धनवडे सेलमहून आला तेव्हा
खोकला त्याच्या आधी एसटीतून उतरला.
गलाईवाल्याच्या खोकल्याला कोण विचारतो?
सोनं गाळायचं तर ॲसिडचा धूर गिळायचाच.
विट्याकडं आळीआळीत असा एक खोकणारा,
आणि त्याच्या खोकल्यावर टाकलेला स्लॅब.

दोन महिने गेले काढ्यात, अंगाऱ्यात,
कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या लाल औषधात.
मग माझ्या यादीत नाव चढलं.
मी डबी दिली. सकाळचा बेडका, चूळ भरून.
त्यानं ती पिशवीत, पिशवी पेपरात,
पेपर टॉवेलात गुंडाळून आणली,
जन्मभर सोनं नेत आला तशी.

निकाल आला आणि घरानं
त्याच संध्याकाळी कप वेगळा केला.
कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप गेले.
कान तुटका, बुडाला नेलपॉलिशची खूण,
मोरीच्या कोनाड्यात पालथा.

मी म्हणाले, वहिनी, टीबी कपानं पसरत नाही,
हवेनं पसरतो. खिडकी उघडा.
मालनवहिनी कपाकडं बघून हो म्हणाल्या,
खिडकीकडं बघून गप्प.
खिडकी उघडली की खोकला गल्लीत जातो,
गल्लीतून डेअरीच्या रांगेत,
आणि रांगेतून थेट आटपाडीला,
जिथं ऋतुजाचं जमत आलंय.

भेटायला मात्र माणसं येतच होती.
आजाऱ्याला बघायला न जाणं पाप,
आलेल्याला बाहेर बसवणं त्याहून मोठं.
दार लोटून, वारं लागू नये म्हणून पंखा बंद,
आठ-आठ जण चटईवर गुडघ्याला गुडघा लावून.
एकदा जालिंदरनं तोंडाला फडकं लावलं
तर मेहुणा रुसला. आम्ही काय परके?

माघात दुसरी डबी गेली. मालनवहिनींची.
जिनं तो कप कधी ओठाला लावला नाही,
राखेनं वेगळा घासला, वर हात तीनदा धुतले,
आणि रात्र-रात्र त्या बंद खोलीत
त्याच्या छातीला बाम चोळत बसली.

माझ्या आजोबांचाही कप असा वेगळा होता.
स्टँडवरच्या हॉटेलामागं, खिळ्याला.
कानानंच अडकवायचा, म्हणून कान शाबूत.
स्वतः विसळायचा, स्वतः टांगायचा.
त्यांना कुठला आजार होता
ते कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नाही.

मला ह्या घरात कागदी कप मिळतो.
स्वच्छ असतो, म्हणतात. असेलही.

त्या दिवशी उलथन्यानं खिडकी उचकटली.
रंगानं चिकटलेली, दोन दिवाळ्यांच्या.
बाहेरून गुऱ्हाळाचा वास आला, शेजारणीचा डोळा आला,
उजेड पलंगापर्यंत आला आणि तिथंच थबकला.
ऋतुजानं विचारलं, चहा टाकू?
टाक, म्हटलं. ह्या कपात दे.

मालनवहिनी थांबल्या.
कपातल्या आजारासाठी थांबल्या
की कपाला लागणाऱ्या माझ्या तोंडासाठी,
मला कळलं नाही.
बारा वर्षं गोळ्या वाटतेय ह्या गावात,
अजून कळत नाही.

ऋतुजानं ओतला.
आलं घातलेला, गोड, वाफाळता.
कान नव्हता,
दोन्ही हातांनी धरावा लागला.