धुराड्याचा सिग्नल

बुधवारी साडेदहाला, वाचनालयाच्या तळघरात,
वेलचीचे पाव आणि बारा म्हाताऱ्या.
साइमी म्हणाली, आज्यांनो, तुम्ही अजून कामावर आहात, ठाऊक आहे?
पेन्शनचं पान उघडण्याआधी कंपनी विचारते ना,
यंत्र नाही ना तुम्ही? मग सिग्नल असलेले चौकोन निवडा,
तो तिच्या गाड्यांचा अभ्यास. तुम्ही मास्तरणी.
बिनपगारी.

तुउनेनं चष्मा पुसला.
टाम्पेरेच्या गिरणीत एक्केचाळीस वर्षं
तुटलेला धागा आम्ही अंधारातही बोटांनी ओळखला,
पण प्रत्येक गाठीचा हिशेब पाकिटात यायचा,
कमी का होईना.

मग ठरलं.
काही फोडायचं नाही, चोरायचं नाही.
फक्त चुकायचं, सगळ्यांनी मिळून, एकसारखं.
धुराडं दिसलं की म्हणायचं: सिग्नल.
साइमीच्या एवढ्याशा प्रोग्रॅमनं
आमची एकेक टिचकी हजार खिडक्यांत पेरली.
मला त्यातलं कळत नाही. मला वीण कळते:
एक उभा धागा चुकवला
की चूक अख्ख्या ताग्यात उतरते
आणि लांबून नक्षी दिसते.

नऊ महिने.
ऐलीचा डावा डोळा गेला त्यात.
नाही, तो जाणारच होता.

जानेवारीत, उणे एकोणीस,
कंपनीची बिनचालकाची गाडी
कोणाचा तरी किराणा घेऊन जुन्या गिरणीपाशी आली
आणि थांबली.
समोर साठ मीटर लाल विटा.
लाल.
ती हिरव्याची वाट पाहत राहिली.

लोक जमले. फोटो निघाले.
एका समीक्षकानं त्याला शिल्प म्हटलं, कंपनीनं किरकोळ बिघाड.
साइमी थंडीत नाचत होती, नाकाचा शेंडा पांढराफटक.
मी बघत होते, गाडीच्या काचेवर बर्फ साचतोय
आणि ती शहाण्या पोरीसारखी उभी.
सोळाव्या वर्षी मीही इथेच उभी असायचे,
भोंगा होईपर्यंत,
कोणीतरी तसं शिकवलं होतं म्हणून.

बाहीनं काच पुसली.
आत दूध गोठलेलं.

पुढच्या बुधवारी आमची खाती बंद.
पडद्यावर एकच ओळ: माणूस असल्याचं सिद्ध करा.
तुउने म्हणाली, गिरणीत हे कुणी विचारलंही नव्हतं.
साइमी वही उघडून बसली, आता पुढे काय,
झेब्रा क्रॉसिंग? पूल?
मी म्हटलं, बघू.
आधी ते दूध कोणाचं होतं, ते शोध.