मोरी क्रमांक सत्तेचाळीस

साताऱ्याच्या बांधकाम विभागात, जिन्याखालच्या खोलीत
बाबालाल मुलाणी बसत.
हुद्दा टंकलेखक.
टंकयंत्रं निर्लेखित होऊन वीस वर्षं झाली होती,
माणूस तेवढा राहून गेला होता
आकृतिबंधातल्या नजरचुकीसारखा.

मी रुजू झालो त्या दिवशी टेबलावर त्यांची चिठ्ठी :
"खुर्चीचा डावा हात चौथ्या साहेबांच्या काळात मोडला.
दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेलेला आहे."
मी हसलो, कोपर टेकलं,
आणि हात निघून आला.

आम्ही इथे तीन वर्षांचे.
सडका सत्तर वर्षांच्या.
दर तीन वर्षांनी एक नवा माणूस
त्यांना विचारतो, तुम्ही कोण?

माणातल्या एका रस्त्याचं रुंदीकरण निघालं.
मोरी सत्तेचाळीस : दगडी, कमानीची, सहा फूट उंच.
खाली ओढा नाही, ओघळ नाही.
पाणलोट शून्य, विसर्ग शून्य.
मी शेरा मारला : निरुपयोगी, भराव टाकून बंद करावी.
वाचतात अकरा लाख चाळीस हजार.

नस्ती वर जाण्याआधी जिन्याखालून जायची.
असा नियम कुणी केला नव्हता.
या वेळी ती परत आली तेव्हा
तिच्या पाठीला नाडीनं एक जुनी नस्ती बांधलेली,
एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.
"रस्त्यांत नव्हती," बाबालाल म्हणाले,
"तक्रारी, जनावरे, यात होती."

त्रेपन्न सालचा अर्ज. नऊ अंगठे, एक सही, तीही मास्तरांची.
सडक उंच झाली. आमची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरतात,
मिरगाआधी माघारी येतात.
मोटारीखाली सोळा गेली.
सडकेच्या पोटातून वाट मिळावी.
खाली कुणा ओव्हरसियरचा हिशेब, चार फुटांची मोरी,
आणि समासात शिसपेन्सिलीनं दुसरंच अक्षर :
"चार फूट पुरणार नाहीत. मेंढरामागं माणूसही असतो."

मी बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिलो.
सही नव्हती.
"तुम्ही पाणी मोजलंत," बाबालाल म्हणाले,
"बरोबरच मोजलंत."
आणि चहा सांगायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मोरीत उतरलो.
लेंड्या, ताज्या.
गुडघ्याएवढ्या उंचीवर दगड
लोकर घासून घासून काचेसारखा झालेला.
हे आधीच दिसलं असतं.
मी आधी गेलो नव्हतो.

बाबालाल मे महिन्यात निवृत्त झाले.
"काम नसल्याने" पद रद्द.
मी लिहिलं : विभागास स्वतःचा इतिहासकार असावा.
उत्तर आलं : सदर पदाने नेमके काय काम करावयाचे, ते परिमाणासह कळवावे.

परिमाण.
किती घनमीटर लिहायचं?
न पाडलेली मोरी कुठल्या रकान्यात धरतात?

माझी बदली झाली आहे, जालन्याला.
जिन्याखाली आता कागदाची रिमं आणि बंद पडलेला कूलर.
कळवायचं अजून बाकी आहे.
निघताना नव्या साहेबांच्या टेबलावर
चिठ्ठी ठेवली, डाव्या हाताबद्दल,
आणि नव्या अंदाजपत्रकात सत्तेचाळीससमोर
शिसपेन्सिलीनं दोन शब्द लिहिले.
सही केली नाही.