थ्री-फेज रात्री दीडला येते

अंकलहाळात ठराव झाला तेव्हा माझी चक्की नवी होती,
पट्ट्याला अजून रबराचा वास येत होता.
दोड्डीवस्तीनं वेगळी पंचायत मागितली,
वेगळा शिक्का, वेगळी चावडी,
आणि ओढ्याच्या अलीकडचं गायरानही आपलंच म्हणाली.
मग ठरलं, वस्तीला काही म्हणजे काही द्यायचं नाही.
न्हाव्यानं दाढी करायची नाही.
डेअरीनं दूध घालून घ्यायचं नाही.
टँकर ओढ्यापाशी थांबेल, पुढं जाणार नाही.
आणि शिवलिंगव्वा, तू दळायचं नाहीस.

मी दळलं नाही.
एकवीस वर्षं.
हे आधीच सांगते,
पुढचं ऐकून कुणी मला चांगली म्हणू नये.

वस्तीच्या बाया डोक्यावर डबे घेऊन
माझ्या दारावरून उमदीला जायच्या, नऊ किलोमीटर.
मी पिठाळ हातानं पट्टा सैल करत बसायची,
त्या गेल्या की पुन्हा ताणायची.

मधे दोनदा गंजी पेटल्या.
गोफणीच्या दगडानं मायाप्पाचा डोळा गेला,
तो आमचा होता.
धानाम्माची म्हैस विहिरीत सापडली,
ती त्यांची होती.
दोन्ही बाजूंच्या वह्या भरत गेल्या,
हिशेब कुणाचाच जुळला नाही.

बंदीनं वस्ती वाकेल म्हणाले होते.
वस्तीत सिद्रायाचा पोरगा वस्तरा धरायला शिकला,
पहिल्या वर्षी सगळ्यांच्या गालांवर कापलेलं,
तिसऱ्या वर्षी त्याला लग्नाची बोलावणी.
वाकलं काय, तर आमच्या डेअरीचं कॅन
अर्धं भरून निघायला लागलं.

सांगलीहून साहेब आले, जीपमधून, चार वेळा.
शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, अकरा कलमं.
चहाला दूध कुणाचं, यावर दुपार गेली,
शेवटी सगळ्यांनी काळा प्याला.
तिसऱ्या कलमावर अडलं:
'वस्ती' लिहायचं की 'गाव'.
साहेबांनी तिथं रेघ मारून जागा मोकळी ठेवली.
ती जागा अजून मोकळी आहे.

गेल्या माघात उमदीच्या चक्कीची मोटर जळली.
थ्री-फेज रात्री दीडला येते,
तेव्हा दाराशी एक पोरगी. बाजरीचा डबा,
झाकणावर दोन्ही हात, जणू आत काही जिवंत आहे.
काही मागितलं नाही तिनं.
नुसती उभी.

चोरून पाणी सोडता येतं, चोरून दूध घालता येतं.
चक्की चोरून चालत नाही.
दगड फिरला की अंकलहाळ सगळं ऐकतं,
सरपंचाच्या माडीपासून मसुतीच्या कट्ट्यापर्यंत.
मी खटका दाबला.
तेवढी बाजरी दळेपर्यंत
मी भिंतीकडं तोंड करून उभी होते.
कुत्री भुंकली. दिवा एकही लागला नाही.
एवढं झोपलेलं गाव मी कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी पहिला डबा सरपंच रामगोंडांचा, खपली गहू.
आता हे दळणाऱ्यालाच माहीत असतं,
आधीच्याचं पीठ दगडात थोडं राहतंच,
कितीही झटका, मूठभर पुढच्याच्या डब्यात जातं.
मधे ओंजळभर दाणे टाकून दगड धुता आला असता.
मी धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले.
"अव्वा, पोळी करडी झाली," म्हणाले.
"कडवट लागली जरा."
"बाजरीची असेल," मी म्हणाले.
कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.
पैसे ठेवले, सुट्टे नव्हते, राहू दे म्हणाले.
मग दारात थांबून, ओढ्याकडं बघत,
"लाईट दीडलाच येते ना?"

मी हो म्हटलं.
त्याचा अर्थ काय, मला अजून कळलेला नाही.
ठराव फळ्यावर तसाच आहे.
मी रात्रीचा पट्टा ताणून ठेवते.